वाटी मूळ जागी बसवायची की वर?

पत्र: डॉक्टर, मी ४१ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. लहानपणापासून डाव्या पायाने लचकत चालते. जन्मापासून खुबा उथळ आहे हे पस्तिशीत पहिला एक्स-रे काढला तेव्हा कळलं. डावा पाय अडीच सेंटिमीटर आखूड आहे, चांभाराकडून चपलेला जाड तळवा लावून घेतलाय. आता फळ्यासमोर एक तास उभं राहवत नाही, रात्री डाव्या कुशीवर वळता येत नाही. दोन सर्जनना दाखवलं. सांधा बदलावा लागेल यावर दोघांचं एकमत आहे. पण एक म्हणतात, खुब्याची नवी वाटी मूळ जागी बसवू आणि वर तुमच्याच हाडाचा तुकडा लावू. दुसरे म्हणतात, एवढा खटाटोप नको, जरा वर चांगलं हाड आहे तिथेच बसवू, ऑपरेशन लहान होईल. मी कोणाचं ऐकू? लचक जाईल का? खाली बसता येईल का? आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलीला हे होईल का?

ताई,

तुम्ही पाठवलेला एक्स-रेचा फोटो मी दोनदा नीट पाहिला. मोबाइलवरच्या फोटोवरून ऑपरेशनचा निर्णय मी देणार नाही, तो तुम्हाला तपासणाऱ्या सर्जनचाच. पण दोघं वेगळं का सांगतायत हे तुम्हाला कळलं, तर पुढच्या भेटीत काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल. त्यासाठी हे उत्तर जरा लांबवते.

चांगल्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. तुमची वाटी लहानपणी नीट घडली नाही, ती वाटीऐवजी बशी झाली. वरचं आणि पुढचं छप्पर अपुरं, भिंत तिरपी. अशा उतारावर गोळा टिकत नाही, वर्षागणिक थोडा वर आणि थोडा बाहेर सरकतो. तुमचा गोळा निम्म्याहून थोडा जास्त निसटलेला दिसतो. गोळा किती निसटलाय ते सांगणाऱ्या क्रो वर्गीकरणातली दुसरी पायरी आम्ही ज्याला म्हणतो, साधारण तसं. सगळा भार वाटीभर पसरण्याऐवजी काठावरच्या अरुंद पट्टीवर येत राहिला आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, चाळिशीच्या आतच झिजून गेली. यात तुमची काही चूक नाही. पत्रात तुम्ही 'मी शाळेत फार उभी राहिले म्हणून झालं का' असंही विचारलंय. नाही, त्यामुळे झालेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. उजव्या हाताचा पंजा कमरेखाली उजव्या बाजूला ठेवा आणि उजव्या पायावर एकट्याने उभ्या राहा. हाताखाली जे टणक होतं, ते खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू. चालताना दर पावलाला एक क्षण आपण असेच एका पायावर असतो आणि शरीर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून हे स्नायू ओढ धरतात. खांद्यावर काठी टाकून मागे गाठोडं घेऊन चाललेला माणूस डोळ्यांसमोर आणा. गाठोडं मागे, पुढे हाताने काठी खाली दाबलेली, मध्ये खांदा. खांद्यावर नुसतं गाठोड्याचं वजन येत नाही, हाताचा दाबही येतो. गाठोडं जितकं मागे सरकवाल किंवा हात खांद्याच्या जितका जवळ आणाल, तितकं दाबावं जास्त लागतं आणि खांदा तितका जास्त भरून येतो. तुमच्या शरीराचं वजन म्हणजे ते गाठोडं, हे स्नायू म्हणजे हात आणि खुब्याचा सांधा म्हणजे खांदा.

आकडे घालून पाहू. वजन ६० किलो धरा. एका पायावर उभं असताना तो पाय सोडून वरचं सुमारे ५० किलो सांध्याला तोलावं लागतं. या वजनाची रेघ गोळ्याच्या मध्यापासून १० सेंटिमीटर आत आणि स्नायूची ओढ मध्यापासून ५ सेंटिमीटर बाहेर असेल, तर तोल साधायला स्नायूला १०० किलोची ओढ लावावी लागते. सांध्यावर दोन्ही मिळून १५० किलो. आता गोळ्याचा मध्य २ सेंटिमीटर बाहेर गेला, म्हणजे आतलं अंतर १२ झालं, आणि मांडीच्या हाडाची मान उभट असल्यामुळे स्नायूचं अंतर ४ वर आलं असं समजा. उथळ खुब्यात असं बरेचदा असतं. स्नायूला १५० किलो ओढावं लागेल आणि सांध्यावर २०० येतील. बाई तीच, वजन तेच, पाऊल तेच, पण सांध्यावर दर पावलाला ५० किलो जास्त. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे. बर्लिनमध्ये बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कृत्रिम खुब्यातच दाब मोजणारी यंत्रणा बसवून मोजमाप केलं, तेव्हा साध्या चालण्यात वजनाच्या सुमारे अडीच पट आणि ठेच लागून अडखळल्यावर सात-आठ पट भार आढळला.

म्हणून लचकणं ही नुसती सवय नाही. स्नायूला एवढी ओढ झेपत नाही, मग शरीर धड त्या बाजूला झुकवतं, म्हणजे गाठोडं खांद्याजवळ आणतं. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली निखळलेल्या खुब्याच्या रुग्णांची चाल पाहून हे कारण मांडलं, आणि एका पायावर उभं करून पाहण्याची तपासणी आजही त्यांच्याच नावाने होते. दोघांपैकी एका डॉक्टरांनी तुम्हाला तसं उभं केलं असणारच.

हे लक्षात ठेवून दोन्ही सल्ल्यांकडे पाहा. नवी वाटी कुठे बसवली यावरून नव्या सांध्याचा मध्य ठरतो आणि मध्य ठरला की हा सगळा हिशेब ठरतो. माझं मत स्पष्ट आहे: वाटी थोडी वर गेली तर एक वेळ चालेल, बाहेर राहिली तर चालणार नाही. रुग्ण आणि नातेवाईक वर-खाली यावरच अडकतात, कारण एक्स-रेवर तेच पटकन दिसतं. आत-बाहेर हे त्याहून महत्त्वाचं.

मी हे एका रुग्णाकडून शिकले. माझी सर्जन म्हणून सुरुवातीची वर्षं होती, त्या बाई पन्नाशीच्या. खुबा तुमच्यासारखाच. जिथे चांगलं हाड हाताला लागलं तिथे, म्हणजे मूळ जागेच्या वर आणि बाहेर, मी कप, म्हणजे कृत्रिम वाटी, बसवला. घट्ट बसला. दुखणं थांबलं, त्या आनंदाने घरी गेल्या. पण लचक गेली नाही. दरवर्षी तपासणीला यायच्या, दारातून टेबलापर्यंत येतानाच मला त्यांचं धड डावीकडे जाताना दिसायचं. दहाव्या वर्षी कपातलं प्लॅस्टिक वरच्या काठाशी झिजलेलं दिसलं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. त्या वेळी कप सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत नेला असता तर त्यांची ती दहा वर्षं वेगळी गेली असती, असं मला आजही वाटतं.

तुमच्या दुसऱ्या सर्जनचं म्हणणं मात्र चुकीचं आहे असं समजू नका. त्यामागे विचार आहे. मूळ जागेवर छप्पर अपुरं असतं, थोडं वर गेलं की कपाला चहूबाजूंनी तुमचं स्वतःचं जिवंत हाड मिळतं. बॉस्टनचे विल्यम हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली अशा उंचावर बसवलेल्या कपांचे निकाल मांडले. त्यात वर जायचं पण बाहेर जायचं नाही हा भाग महत्त्वाचा होता. अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. वर गेलं की स्नायू सैल पडतात, सैल दोरीला ओढ धरत नाही. पाय आखूडच राहतो, तो मांडीकडच्या भागातून भरून काढावा लागतो. कमरेचं हाड वरच्या बाजूला पातळ होत जातं, म्हणून कप लहान घ्यावा लागतो. लहान कपात प्लॅस्टिकची जाडी राखायची तर आतला गोळा लहान होतो, आणि लहान गोळ्याचा सांधा वळताना मान काठावर लवकर टेकते. शिवाय खूप वाकलं की मांडीचं हाड पुढच्या हाडाच्या उंचवट्याला अडतं. तुम्हाला खाली बसायचंय, तुमच्यासाठी हा मुद्दा लहान नाही.

मूळ जागी बसवायचं म्हणजे काय करतात ते सांगते. मांडीच्या हाडाचा खराब गोळा कापून बाहेर काढला की तो हातात घेऊन पाहिला तरी कळतं, वरून चपटा झालेला असतो, एका बाजूला कूर्चा अजून पांढरी आणि चमकदार, दुसरीकडे घासून गुळगुळीत झालेलं उघडं हाड. मग वाटीत पाहायचं. वरच्या बाजूला गोळ्याने वर्षानुवर्षं घासून तयार केलेली खोटी वाटी दिसते आणि नवशिक्याचा हात तिथेच जातो. खरी वाटी खाली असते, चरबी आणि तंतूंनी भरलेली, लहान आणि पुढच्या बाजूला पातळ. ती साफ केली की तळाशी जे हाड लागतं, ते आतल्या भिंतीचं. मग अर्धगोल किसणीसारखं हत्यार फिरवत आत, आणखी आत जायचं. हाडाचा ओला भुगा निघत राहतो, दर वेळी बोटाने तळ चाचपायचा, किती जाडी उरली याचा अंदाज घ्यायचा. आत जितकं जाल तितकं कपावर वरून तुमचं हाड आपोआप जास्त येतं आणि मध्यही शरीराच्या मधल्या रेघेकडे सरकतो. म्हणजे एकाच कामात छप्पर मिळतं आणि गाठोडंही जवळ येतं. इंग्लंडमध्ये राइटिंग्टनला १९६२ पासून आजच्या सांधेरोपणाचा पाया घालणारे जॉन चार्नली यांचा भर याच हिशेबावर होता: कप आत न्या आणि स्नायूची ओढ मध्यापासून लांब न्या. मात्र भिंत किती पातळ करायची याला मर्यादा आहे, फार पातळ केली तर कप पोटाच्या बाजूला घसरू शकतो. आणि कप आत गेला तर मांडीचं हाडही आत येतं, ते कमरेच्या हाडावर आपटू नये म्हणून मांडीत बसणारी दांडी अशी निवडावी लागते की तिची मान हाडाला पुरेसं बाहेर ठेवेल. कप आणि दांडी यांचा विचार एकत्रच व्हावा लागतो.

एवढं करूनही वरचा थोडा भाग उघडा राहिला तर? २५-३० टक्क्यांपर्यंत उघडा राहिला आणि बाकीचं हाड कपाला घट्ट धरून असलं, तर बरेच सर्जन तसाच राहू देतात. त्याहून जास्त उघडा असेल तिथे तुमच्या पहिल्या सर्जननी सांगितलेला हाडाचा तुकडा लागतो. तो बाहेरून आणत नाहीत, कापून काढलेल्या तुमच्याच गोळ्यातून घडवतात आणि दोन-तीन स्क्रूंनी वर बसवतात. हॅरिस यांनीच १९७७ साली ही पद्धत मांडली. सुरुवातीचे निकाल उत्तम आले, पण पुढे त्यांच्याच रुग्णांच्या पाहणीत दिसलं की कपाचा मोठा भाग या तुकड्यावर टेकलेला असला की तो काही वर्षांनी ढिला पडू शकतो. कारण असं की हा तुकडा सुरुवातीला मेलेला असतो. शरीर त्यात रक्तवाहिन्या घालतं, जुनं हाड विरघळवतं आणि नवं भरतं. या मधल्या काळात तो कमकुवत असतो. म्हणून कपाचा मुख्य भार तुमच्या मूळ हाडावर असावा आणि तुकड्याने फक्त हातभार लावावा. आजचे सिमेंटशिवाय बसवायचे खरबरीत कप याला जास्त अनुकूल आहेत, कारण हाड थेट त्यांच्या छिद्रांत वाढतं. पण त्यासाठी पहिले काही आठवडे कप हलता कामा नये. दीडशे मायक्रॉनहून जास्त हालत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतू वाढतात. दीडशे मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा साधारण सातवा हिस्सा. ऑपरेशननंतर त्या पायावर किती भार टाकायचा याची बंधनं तुम्हाला जाचक वाटतील, ती याचसाठी असतात.

या तुकड्याचा एक फायदा लोक विसरतात. तुम्ही ४१ वर्षांच्या आहात. हा सांधा आयुष्यभर पुरेलच असं कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. पुढे कधी कप बदलायची वेळ आली, तर तिथे हाडाचा साठा असणं लाखमोलाचं. आत्ता तुकडा मूळ हाडाशी एकजीव झाला तर तेव्हा काम सोपं होतं.

माझा कौल द्यायचा तर, तुमच्या वयाला आणि तुमच्या एक्स-रेवरून, मूळ जागेच्या जवळात जवळ आणि नीट आत. तुकडा लागेलच असं नाही, सीटी स्कॅनवर पुढची भिंत किती आहे ते पाहून ठरेल. स्कॅन झाला नसेल तर आधी तो करून घ्या. उथळ खुब्यात मांडीचं हाडही पुष्कळदा पुढे पिळलेलं असतं आणि तो पीळ साध्या एक्स-रेवर मोजता येत नाही.

पुढच्या भेटीत दोन्ही सर्जनना एकच विनंती करा: 'माझ्या एक्स-रेवर पेन्सिलने दाखवा, नव्या सांध्याचा मध्य कुठे येणार? उजव्या खुब्याच्या तुलनेत किती वर, किती आत?' उजवा खुबा चांगला आहे, म्हणजे तुमचं मोजमाप तुमच्यापाशीच आहे. उत्तर देताना जो डॉक्टर मिलिमीटरमध्ये बोलेल, कपाचा किती भाग हाडाशिवाय उघडा राहील ते सांगेल आणि दांडीचा आकार का निवडला हे समजावेल, त्याचा आराखडा पक्का आहे. कंपनी कोणती, कप कुठल्या देशाचा, हे प्रश्न नंतर. आणि कप झाकावा म्हणून तो उभट बसवणार नाहीत ना, तेही विचारा. कप साधारण ४० ते ४५ अंशांच्या आसपास असावा. उभट कपात भार पुन्हा काठावर येतो, मग इतकी वर्षं तुमच्या खुब्याला जे झालं तेच प्लॅस्टिकला होतं.

लचक जाईल का? मध्य नीट बसला तर बरीच जाईल, पण लगेच नाही. तुमच्या बाहेरच्या स्नायूंनी चाळीस वर्षं कमी ताणात काम केलंय, त्यांना ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोपर्यंत काठी वापरा, आणि ती उजव्या हातात धरा. लोक ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि उपयोग होत नाही म्हणून टाकून देतात. मघाचा हिशेब पुन्हा घ्या: उजव्या हाताने काठीवर फक्त ५ किलो दाब दिला, तरी ती डाव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर लांब असल्यामुळे स्नायूची ओढ १०० वरून ६० किलोवर आणि सांध्याचा भार १५० वरून १०५ वर येतो. शाळेत मुलांसमोर काठी घेऊन जायला लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. ताई, सहा महिने. मुलांना दुसऱ्या आठवड्यात त्याचं काही वाटेनासं होतं.

खाली बसण्याबद्दल आत्ताच हो किंवा नाही म्हणता येत नाही. पहिले तीन महिने पाट, जमीन, भारतीय बैठकीचं शौचालय सगळं बंद. पुढे मांडी घालून बसणं बऱ्याच जणांना जमतं, कारण त्यात गुडघे बाहेरच्या बाजूला असतात. मागच्या बाजूने ऑपरेशन केलेल्या खुब्याला जास्त धोका आहे तो खोल वाकून गुडघा आत वळवण्यात, म्हणजे ठेंगण्या स्टुलावर बसून खाली पडलेलं उचलण्यात. कोणत्या बाजूने ऑपरेशन करणार हे सर्जनना विचारा आणि त्यानुसार काय टाळायचं ते लिहून घ्या. आणि घरातली पायपुसणी उचलून ठेवा, न्हाणीघरात घट्ट बसणारं रबराचं आसन टाका. अडखळल्यावर किती पट भार येतो ते वर लिहिलंच आहे.

मुलीबद्दल. आईला असेल तर मुलीला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होईलच असं अजिबात नाही. एकदा कमरेचा एक्स-रे काढून घ्या, तिला दुखत नसलं तरी. वाटी उथळ निघाली आणि कूर्चा शाबूत असली, तर तिच्यासाठी तुमच्यापेक्षा खूप चांगला मार्ग आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला राइनहोल्ड गान्झ यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत तिचीच वाटी भोवतीचं हाड कापून गोळ्यावर वळवून घेता येते, कृत्रिम काही बसवावं लागत नाही. ती वाढ पूर्ण होत आली की करतात, म्हणून आत्ता फक्त पाहून ठेवायचं. तुमच्यासाठी ती वेळ निघून गेली याचं मला वाईट वाटतं. तुमच्या लहानपणी कुणी एक एक्स-रे काढला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमच्या बहिणीला बाळ होणार आहे असंही लिहिलंय. त्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सहा आठवड्यांचं झालं की करून घ्यायला सांगा. पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधू नका, जपानने ही सवय मोडल्यावर तिथे निखळलेल्या खुब्यांची मुलं खूप कमी झाली. आपली कडेवर घ्यायची पद्धत मात्र उत्तम. पाय फाकून आईच्या कमरेला विळखा घालून बसलेल्या बाळाचा गोळा वाटीच्या अगदी मधोमध असतो.

शेवटी तुमच्या चपलेचं. ऑपरेशननंतर पाय बहुधा जवळजवळ सारखे होतील आणि तुम्हाला डावा पाय लांब झाल्यासारखा वाटेल. चाळीस वर्षं कंबर कललेली आहे, तिला सरळ व्हायला काही महिने लागतात. त्या काळात घाबरून उजव्या चपलेला तळवा लावून घेऊ नका, आणि डावीकडची ती जाड चप्पल तर दवाखान्यात नेऊच नका. चांभाराकडून आत्ताच एक सपाट, मागे पट्टा असलेला जोड करून घ्या आणि पिशवीत भरून ठेवा.